दिंडोरीची लढाई आणि चंदीची बखर

नासिकच्या उत्तरेस सुमारें पंधरा मैलांवर दिंडोरी हें तालुक्याचें गांव आहे. ता. १७ आक्टोबर १६७० रोजीं वणी-दिंडोरीच्या परिसरांत शिवछत्रपति व मोगल सरदार दाऊदखान कुरेशी ह्यांच्यामध्यें जी लढाई झाली तिची हकीकत इतिहासभक्तांस परिचित आहे. ती सविस्तर सांगण्याचा येथें हेतु नाहीं. ह्या लढाईचे दोन जुने वृत्तान्त, एक मराठी व एक फारसी, आपणांपुढें आहेत. त्यांतील आंकडे जुळत नाहींत म्हणून अभ्यासक कधीं एकास तर कधीं दुसऱ्यास दोष देतात. परंतु मराठी वृत्तान्त कोणत्या स्थळीं, कोणत्या प्रसंगीं व कोणाच्या प्रश्नास उत्तर म्हणून लिहिला गेला, हें ध्यानांत घेतलें असतां त्याचें स्वरूप निराळें दिसूं लागतें, असें मला वाटतें. आपत्तींत सांपडलेलें राज्य आपली मागील कथा कां लिहवून घेतें, ह्याचें इतकें स्पष्ट उदाहरण जुन्या मराठी गद्यांत दुसरें क्वचितच सांपडेल.

प्रथम प्रसंग थोडक्यांत. आक्टोबर १६७० च्या ३ ते ५ तारखांस सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली. मोगलांच्या सरकारी चौकशींत लुटीचा अंदाज सहासष्ट लक्ष रुपये ठरला. एवढा ऐवज घेऊन बागलाणांतून परतणाऱ्या सैन्याची वाट अडविण्यासाठीं शहाजादा मुअज्जम ह्यानें दाऊदखानास पाठविलें. खान चांदवडास पोंचला तों मराठे डोंगर उतरून नासिकच्या रोखें वळल्याची खबर आली. तेव्हां त्यानें रात्रींच कूच केलें. उजाडतां आघाडीचा सरदार इखलासखान मियाना ह्यानें मागच्या फौजेची वाट न पाहतां हल्ला केला व तो जखमी होऊन पडला. दिवसभर झुंज चालली आणि सायंकाळीं मराठे ऐवजासह कोंकणाकडे निघून गेले.

ह्यांतील रात्रींचें कूच, इखलासखानाची घाई वगैरे बारकावे आपणांस भीमसेन सक्सेना ह्याच्या ‘नुस्खा-इ-दिल्कुशा’ ह्या फारसी ग्रंथांत मिळतात. भीमसेनाचा जन्म १६४९ चा, बऱ्हाणपूरचा. घराणें मोगलांच्या नोकरींतलें. दिंडोरीच्या वेळीं तो दाऊदखानाच्या लष्करांत स्वतः हजर होता, म्हणजे एकवीस वर्षांचा तरुण होता. त्यानें पराजय हा शब्द मोठ्यानें उच्चारलेला नाहीं. परंतु खान दुसरे दिवशीं पाठलागावर न जातां नासिकास गेला व तेथें महिनाभर राहिला, एवढें त्याच्या हकीकतींतून निघतें. आणि तें पुरेसें बोलकें आहे. सर जदुनाथ सरकार ह्यांनीं ह्या ग्रंथाचा आपल्या शिवचरित्रांत भरपूर उपयोग केला व त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९७२ त छापून निघालें, त्यामुळें फारसी न जाणणाऱ्यांसहि तो आतां दुर्मिळ राहिला नाहीं.

मराठी वृत्तान्त कृष्णाजी अनंत सभासद ह्याच्या बखरींतला. सभासदाच्या हकीकतींत ऐवज पुढें रवाना होतो आणि महाराज स्वतः चिलखत चढवून, हातीं पटे घेऊन, दहा हजार स्वारांनिशीं पिछाडीस उभे राहतात. दोन प्रहर युद्ध होतें. तीन हजार मोगल पडतात, तीन-चार हजार घोडे पाडाव होतात, दोन मोठे वजीर हातीं लागतात. संख्या गोल आहेत. तिथि नाहीं. वास्तविक ह्या बखरींत तिथि जवळजवळ कोठेंच नाहींत, आणि प्रसंगांचा अनुक्रमहि अनेक ठिकाणीं ढळलेला आहे. ज्यानें शकावल्या चाळल्या आहेत त्यास हें वाचतांना अधीरता येते. मलाहि पूर्वीं येत असे.

आतां ही बखर लिहिली गेली तें स्थळ पाहूं. मार्च १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला. रायगडास वेढा पडला असतां राजाराम महाराज तेथून निसटले व प्रतापगड, पन्हाळा असें करीत त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत दूर कर्नाटकांत चंदीस, म्हणजे जिंजीस, पोंचले. त्याच सुमारास रायगड पडला. येसूबाई व बाल शाहू शत्रूच्या हातीं गेलीं. सप्टेंबर १६९० पासून झुल्फिकारखानानें चंदीस वेढा दिला तो १६९८ च्या आरंभापर्यंत, कधीं आवळत कधीं सैल होत, चालला. सभासदानें बखर लिहिली ती ह्या चंदींत, राजाराम महाराजांच्या आज्ञेनें. लेखनाचा काल कोणी १६९४ धरितात, कोणी १६९७. दोन्हीं वर्षें वेढ्याच्या आंतलींच आहेत, तेव्हां आपल्या मुद्यास त्यानें बाध येत नाहीं.

बखरीच्या आरंभीं महाराजांनीं सभासदास केलेला प्रश्न नोंदलेला आहे. ह्या प्रस्तावनेकडे वाचक सहसा लक्ष देत नाहींत. बखरींच्या आरंभीं असला कांहीं शिष्टाचार असावयाचाच, असें समजून ते पुढें जातात. परंतु हा प्रश्न शिष्टाचाराचा नाहीं. त्याचा आशय असा : आमच्या वडिलांनीं एवढा पराक्रम करून पातशाह्यांस जेर केलें, असें असतां औरंगजेबानें येऊन कित्येक किल्ले घेतले, ह्याचा अर्थ काय? तुम्ही जुन्या राज्यांतले माहितगार. तर आद्यंत चरित्र लिहून द्यावें. निम्में राज्य गेलेला, घरचीं माणसें कैदेंत असलेला, दाराशीं शत्रु असलेला राजा हें विचारीत आहे. ह्यांत गौरवाची हौस कमी व कारण शोधण्याची तळमळ अधिक आहे.

सभासद ह्या प्रश्नाचें सरळ उत्तर कोठेंच देत नाहीं. दैवावर भार टाकून तो मोकळा होत नाहीं, कोणा सरदाराचें नांव घेऊन त्याच्यावर खापरहि फोडीत नाहीं. तो राज्य कसें मिळालें तें सांगतो. किल्ल्यावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे तीन अधिकारी कसे नेमीत, कोणा एकाच्या लहरीनें किल्ला शत्रूस जाऊं नये अशी योजना कशी असे, घोडेस्वारांत बारगीर कोण व शिलेदार कोण, पावसाळ्यांत लष्कर छावणीस कसें येई, हें सर्व तो बारकाईनें मांडतो. शेवटीं महाराजांच्या पश्चात् असलेल्या संपत्तीच्या व किल्ल्यांच्या याद्या येतात. त्याच्या हिशेबानें किल्ले दोनशें चाळीस. ह्या याद्या कंटाळवाण्या आहेत असें पुष्कळांस वाटतें. परंतु त्या लिहिल्या गेल्या तेव्हां त्यांतील किती किल्ले हातचे गेले होते, हें आठवून त्या वाचाव्या. वतन बळकावलें गेलें म्हणजे घरचा वडील मनुष्य शेतांच्या चतुःसीमा मुलांकडून पाठ करवून घेतो, तसाच हा प्रकार. आपलें काय होतें ह्याची मोजदाद विसरली नाहीं तोंवर तें परत मागतां येतें. आणि जेथें बसून तो लिहीत होता तो चंदीचा किल्लाहि महाराजांनींच १६७७ त घेऊन मजबूत केलेला होता. पूर्वजाची तरतूद वंशजाच्या कामास आल्याचें ह्याहून जवळचें प्रमाण त्याला शोधावयास नको होतें.

दिंडोरीचा प्रसंग ह्या दृष्टीनें पाहावा. सभासदानें तो सुरतेच्या लुटीचें शेपूट म्हणून लिहिलेला नाहीं. मुलूख शत्रूचा, बरोबर ओझें, पाठीवर मोठी फौज, आणि घर अजून लांब, अशा वेळीं काय करावें हें त्यांत सांगितलें आहे : जपून ठेवावयाचें तें पुढें काढावें व धन्यानें स्वतः मागें उभें राहावें. चंदींत हें वाचणाऱ्यांस अथवा ऐकणाऱ्यांस त्यांतील तीन हजारांचा आंकडा मोजून पाहावयाचा नव्हता. आंकड्यांच्या बाबतींत भीमसेन अधिक विश्वसनीय आहे हें मी निःसंकोच मान्य करितों, आणि सभासदाच्या आंकड्यांवर कोणी सैन्याचे हिशेब बांधूं नयेत असेंच म्हणेन. परंतु त्याच्या कथनाचा जो कणा, म्हणजे ऐवज पुढें व लढाई मागें, त्यास भीमसेनाच्या हकीकतीनेंहि बाध येत नाहीं. पंचवीस वर्षांनंतर, कागदपत्र हाताशीं नसतां, केवळ स्मरणावर लिहिणाऱ्या माणसाच्या हातून आंकडे निसटले व कणा राहिला, ह्यांत मला नवल वाटत नाहीं.

येथें एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. दिंडोरीस दाऊदखानाच्या लष्करांत असलेला भीमसेन पुढें दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं राहिला, आणि दलपतराव तर झुल्फिकारखानाबरोबर चंदीच्या वेढ्यांत होता. म्हणजे दिंडोरीच्या लढाईचे दोन्हीं वृत्तान्तकार त्याच तटाच्या दोन बाजूंस होते. बाहेरच्यांची स्थिति आंतल्यांहून सुखाची होती असेंहि नव्हे. १६९२ च्या अखेरीस संताजी व धनाजी ह्यांनीं रसद तोडली तेव्हां मोगल छावणीची अन्नान्नदशा झाली व जानेवारी १६९३ मध्यें खानास वेढा उठवून वांदिवाशास हटावें लागलें. वेढणारेच वेढले गेले. भीमसेनानें हे हाल पाहिले आहेत, आणि बादशाही सरदारांच्या ढिलाईविषयीं त्याचा सूर कडवट आहे. त्याचा ग्रंथ औरंगजेबाच्या मृत्यूनंतर पुरा झाला. एका मोठ्या राज्याची पडझड आंतून पाहिलेल्या नोकराचें तें लिखाण आहे. सभासद निम्में गेलेलें राज्य उभें राहील ह्या भरवंशानें लिहितो, भीमसेन अफाट पसरलेलें राज्य विसकटतांना पाहून लिहितो. दिंडोरीच्या एका दिवसाचें वर्णन दोघांत इतकें वेगळें कां, ह्याचें उत्तर माझ्या मतें लढाईपेक्षां ह्या दोन मनःस्थितींत अधिक आहे.

चंदीच्या त्या काळाशीं निगडित आणखी एक ग्रंथ म्हणजे केशवपंडिताचें ‘राजारामचरित’ हें संस्कृत काव्य. राजाराम महाराजांचा महाराष्ट्रांतून चंदीपर्यंतचा संकटमय प्रवास हाच त्याचा विषय. वा. सी. बेंद्रे ह्यांनीं तें १९३१ त प्रसिद्ध केलें. काव्याच्या अलंकारांतूनहि पळाची घाई व भीति जाणवते, इतकेंच येथें म्हणतों.

राहिला प्रश्न कागदांचा. रायगडावरील दप्तर किल्ला पडला त्या धामधुमींत नष्ट झालें असें मानितात. शिवकालीन पत्रें आज आपणांस जीं मिळतात तीं बहुतेक पाठविणाऱ्याच्या दप्तरांतून आलेलीं नसून घेणाऱ्याच्या घरून आलेलीं आहेत : देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, मठ, देवस्थानें. राजधानीचा कागद गेला, खेड्यांतला राहिला. जेध्यांच्या घरीं सांपडलेली शकावली, जी लोकमान्य टिळकांनीं १९१६ त प्रसिद्ध केली, हें ह्याचें सर्वश्रुत उदाहरण. सभासद बखरीचीहि तीच कथा आहे. लेखकाच्या हातची प्रत आपणांपाशीं नाहीं. ती जगली ती नकलांच्या रूपानें, निरनिराळ्या घराण्यांच्या रुमालांत, आणि का. ना. साने ह्यांच्या परिश्रमानें छापखान्यांत आली. चित्रगुप्ताच्या बखरीसारख्या नंतरच्या लिखाणांत तिचाच मजकूर श्लोकांची भर घालून फुगविलेला आढळतो. तें वाङ्मय रसाळ असेल, पण त्यांतून आरंभींच्या प्रश्नाची धार गेली आहे. अठराव्या शतकांत राज्य भरभराटीस आल्यावर तो प्रश्न कोणास जाळीत नव्हता.

जेथें कोणी नकल केली नाहीं तेथें काय होतें, हें दिंडोरी तालुक्यांतच दिसतें. रामसेज हा लहानसा डोंगरी किल्ला ह्याच तालुक्यांत आहे. १६८२ मध्यें औरंगजेबानें शहाबुद्दीनखानास त्यावर पाठविलें आणि हा किल्ला सहज पडेल असें समजलें जात असतां पुढें कित्येक वर्षें त्यानें मोगलांस दाद दिली नाहीं. सभासद महाराजांच्या निधनाशीं थांबतो, म्हणून रामसेज त्याच्या कक्षेंत येत नाहीं. ह्या झुंजीची रंगतदार हकीकत आपणांस मिळते ती खाफीखानाकडून, म्हणजे शत्रुपक्षाच्या इतिहासकाराकडून, आणि तीहि महंमदशहाच्या कारकीर्दींत, निदान चाळीस वर्षांनंतर लिहिलेली. मोगलांनीं किल्ल्याच्या उंचीशीं भिडेल असा लांकडी दमदमा उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या म्हणून आंतल्यांनीं झाडाचीं खोडें कोरून, वर चामडें मढवून, त्यांच्या तोफा केल्या. एका मांत्रिकानें सोन्याचा नाग घेऊन किल्ला जिंकून देण्याचें पत्करलें व गोफणीचा धोंडा छातींत बसून तो कोसळला, असें सर्व त्यानें लिहिलें आहे. किल्लेदार अनुभवी व सावध होता अशी साक्षहि तो देतो. नांव मात्र देत नाहीं. अलीकडच्या पुस्तकांत त्या किल्लेदाराचीं दोन-तीन नांवें बिनदिक्कत छापलेलीं दिसतात. अस्सल पत्राचा आधार दाखविल्यावांचून तीं स्वीकारूं नयेत.

सभासद बखरीची नकल ज्यांच्या संग्रहांत असेल त्यांनीं दोन गोष्टी अवश्य पाहाव्या. पहिली, आरंभींच्या प्रश्नांत किल्ले गेल्याचा उल्लेख आहे कीं नकलकारानें तो गाळून केवळ गौरवाचें वाक्य ठेविलें आहे. दुसरी, समाप्तीस शकाबरोबर संवत्सराचें नांव दिलें आहे काय. शके १६१६ चें संवत्सर भाव व शके १६१९ चें ईश्वर. एका अंकाचा लेखनदोष सहज होतो, परंतु संवत्सराचें नांव चुकणें त्यामानानें कठीण. नकल करणाराचा स्वतःचा शक व गांव असल्यास तोहि टिपून घ्यावा, आणि पानें सुटीं असल्यास प्रथम त्यांचा अनुक्रम लावून मगच बांधावीं.