डॉक्टरेट झाली, पुढें काय?

तारळी जेथें कृष्णेस मिळते त्या उंब्रज गांवचा एखादा तरुण कऱ्हाडास शिकतो, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत रसायनशास्त्राची पीएच्.डी. मिळवितो आणि घरीं येतो. आतां प्राध्यापकपद ठेवलेलेंच आहे, असें घरच्या मंडळींस वाटतें. पूर्वी तसें घडेही. १९३९ सालीं केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचें विभागप्रमुखपद लाभलें. त्या काळीं अशा पदव्या मोजक्याच होत्या. आज पीएच्.डी. ही संशोधन करितां येतें याची साक्ष होय. नेमणुकीस आणखीही साक्षी लागतात.

पहिली साक्ष एम्.एस्सी.च्या गुणांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनीं सहाय्यक प्राध्यापकास किमान ५५ टक्के गुण सांगितले. राखीव प्रवर्गांस ५ टक्क्यांची सवलत ठेविली. येथील उणीव डॉक्टरेटनें भरून निघत नाहीं.

दुसरी साक्ष नेट किंवा सेट परीक्षेची. रसायनशास्त्राची नेट सीएसआयआरच्या संयुक्त परीक्षेंतून होते. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणें विद्यापीठ घेतें. २००९ वा २०१६ च्या नियमांनुसार मिळालेल्या पीएच्.डी.स २०१८ च्या नियमांनीं नेटची माफी दिली होती. विद्यापीठीय विभागांत पीएच्.डी. सक्तीची करण्याचेंही तेव्हां ठरलें होतें. ती मुदत २०२१ वरून २०२३ वर गेली आणि १ जुलै २०२३ पासून नेट वा सेट हीच किमान अट ठरली. नियम असे पालटतात. नेट-सेटचें प्रमाणपत्र मात्र हातीं राहतें. अध्यापक-पात्रतेसाठीं नेट देण्यास वयाची वरची मर्यादा नाहीं, आणि एम्.एस्सी.च्या अखेरच्या वर्षींही ती देतां येते.

तिसरी साक्ष शोधनिबंधांची. २०१८ च्या नियमांत, इतर अटींबरोबर, सहयोगी प्राध्यापकास ८ वर्षांचा अनुभव व ७ निबंध, तर प्राध्यापकास १० वर्षें व १० निबंध सांगितले आहेत. आयआयटी, आयसर यांसारख्या संस्थांत तर डॉक्टरेटनंतर दुसऱ्या प्रयोगशाळेंत कांहीं वर्षें संशोधन केल्यावांचून निवड क्वचितच होते.

या साक्षी जमूनही कायम जागा निघेपर्यंत पुष्कळांना तासिका तत्त्वावर शिकवावें लागतें. तेथें वेतन घेतलेल्या तासांपुरतें असतें, आणि सुट्टीचे महिने कोरडे जातात. म्हणून प्रबंध पुरा होण्याची वाट न पाहतां परीक्षा आधीं उरकावी, निबंध वेळींच प्रसिद्ध करावे. आणि घरच्यांनींही पदवीच्या दिवसापासून पगाराचे दिवस मोजूं नयेत.