ठिपका जागेवर राहतो का? पिस्तुलावरच्या रेड डॉटविषयीचे गैरसमज

१९७४ साली हर्शेल अँडरसन या अमेरिकी लष्करातल्या नेमबाजाने बुल्सआय प्रकारात २७०० पैकी २६८० गुण मिळवले. पुढे दशकानुदशके हा विक्रम कुणालाही मोडता आला नाही. अँडरसनच्या पिस्तुलांवर साध्या धातूच्या साइट होत्या. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीचा पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आला तो १९७५ मध्ये, म्हणजे या विक्रमानंतर. आज त्याच प्रकारात फायरिंग लाइनवर उभ्या असलेल्या बहुतेक नेमबाजांच्या पिस्तुलावर रेड डॉट असतो. तो लावला की गुण आपोआप वाढतात, ही समजूत किती कच्ची आहे ते या एका नोंदीवरून कळावं.

बुल्सआय हा पिस्तुलाची आणि साइटची कसून परीक्षा घेणारा खेळ आहे. ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी असलेलं कॅम्प पेरी हे त्याचं माहेरघर. परंपरेने पिस्तूल एका हातातच धरायचं. ५० यार्डांवर दहा मिनिटांत दहा गोळ्या, मग २५ यार्डांवर २० सेकंदांत पाच आणि पुढे १० सेकंदांत पाच. .२२, सेंटरफायर आणि .४५ या तीन गटांत प्रत्येकी ९०, अशा एकूण २७० गोळ्या. रेड डॉट भरवशाचा आहे की नाही हे ठरवायला याहून चांगली जागा मला दिसत नाही, म्हणून पुढची बहुतेक उदाहरणं तिथलीच आहेत.

मग नेमबाज रेड डॉट लावतात कशासाठी? साध्या साइटवर डोळ्याला तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: मागची खाच, पुढचा खिळा आणि टार्गेट. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. चाळिशीनंतर हाताच्या अंतरावरचा पुढचा खिळा धूसर होऊ लागला की चांगले चांगले नेमबाज हवालदिल होतात. रेड डॉटमध्ये एका छोट्या एलईडीचा प्रकाश वक्र काचेवरून परावर्तित होऊन समांतर किरणांच्या रूपात डोळ्यापर्यंत येतो. त्यामुळे ठिपका दूरवर, टार्गेटच्याच पातळीवर असल्यासारखा दिसतो आणि दोन्ही एकदम स्पष्ट दिसतात. मोठा फायदा आहे तो एवढाच. त्यात भिंग नसतं, चित्र मोठं होत नाही. हा लेझरही नाही: टार्गेटवर काहीच पडत नाही, ठिपका फक्त नेमबाजाला दिसतो.

हात मात्र आहे तेवढाच हलतो. साध्या साइटवर जे थरथरणं जाणवत नाही, ते रेड डॉटवर उघडं पडतं. नवा माणूस ते पाहून घाबरतो आणि ठिपका मध्यावरून जाताना दिसला की ट्रिगर झटकतो. गोळी सातात जाते आणि दोष साइटला मिळतो. ठिपका काळ्या वर्तुळात फिरत राहणारच, हे मान्य करून ट्रिगर सावकाश दाबत राहणं हे शिकावंच लागतं, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण तिच्यावाचून पैसे वाया जाऊ शकतात. ऑलिंपिकमधले नेमबाज रेड डॉट वापरतात असं अनेक पालकांना वाटतं. वापरत नाहीत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाच्या सर्व प्रकारांत फक्त खुल्या, म्हणजे साध्या धातूच्या साइट चालतात. भिंग, आरसा, लेझर किंवा इलेक्ट्रॉनिक ठिपका यांना बंदी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकलं ते खुल्या साइटवरच. तेव्हा मुलगी किंवा मुलगा १० मीटर एअर पिस्तूल किंवा २५ मीटर प्रकारात उतरणार असेल, तर रेड डॉटचा विचारच नको. बुल्सआय आणि आयपीएससी हा वेगवान व्यावहारिक नेमबाजीचा प्रकार यांची गोष्ट वेगळी. आयपीएससीमध्ये १९९० साली डग केनिगने ठिपक्याची साइट लावून जागतिक विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर ओपन गटाचं रूपच पालटलं. पण तिथेही प्रत्येक गटाचा नियम निराळा आहे. खरेदीआधी नियमावली उघडावी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तिथल्या स्थानिक क्लबात जाऊ लागलेल्या मराठी नेमबाजांनाही माझं हेच सांगणं आहे.

आता मुख्य प्रश्न: भरवशाचा म्हणजे काय?

खोक्यावर छापलेलं असतं: आयपीएक्स ७, ५०,००० तास बॅटरी, रायफलच्या धक्क्यालाही टिकणारा. हे तिन्ही दावे खरे असू शकतात आणि तरीही तो रेड डॉट तुमच्या .४५ वर महिनाभरात बंद पडू शकतो. आयपीएक्स ७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवला तरी आत पाणी शिरत नाही. रिकॉइलशी त्याचा संबंध नाही. ५०,००० तासांचं गणित स्वतः करून पाहा. सीआर २०३२ या चपट्या सेलची क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असते. ती ५०,००० तासांवर पसरली तर ठिपक्याला मिळते जेमतेम साडेचार मायक्रोअँपिअर वीज. हा आकडा मधल्या किंवा त्याहून मंद उजेडाचा आहे. भर उन्हात उजेड वरच्या पायरीवर ठेवला तर सेल कितीतरी लवकर संपतो.

रायफलचा दावा सर्वांत फसवा. रायफलवर साइट पूर्ण हत्याराबरोबर मागे येते आणि खांदा तो धक्का पचवतो. पिस्तुलाच्या स्लाइडवर बसवलेल्या साइटला असा आधार नाही. गोळी सुटताच स्लाइड झटक्यात मागे जाते, शेवटाला आदळून थांबते, स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि पुन्हा आदळते. दर गोळीला उलटसुलट दिशेचे असे धक्के काच, एलईडी, सोल्डर आणि सेल या सगळ्यांना बसतात. .२२ च्या अनेक टार्गेट पिस्तुलांवर साइट रिसीव्हरला किंवा बॅरलला घट्ट बसलेली असते, ती स्लाइडबरोबर धावत नाही. म्हणून मध्यम किमतीचा रेड डॉट .२२ वर वर्षानुवर्षं निमूट चालतो आणि तोच .४५ च्या स्लाइडवर गेला की दम तोडतो. माझं मत स्पष्ट आहे: .२२ साठी उगाच महागात जाऊ नका, स्लाइडवर बसवायचा असेल तर मात्र तिथे काटकसर नको. दुसरा मार्ग म्हणजे माउंट फ्रेमवर बसवणं. मग साइट स्लाइडच्या धावपळीतून सुटते आणि वजनाचा प्रश्नही मिटतो. उघड्या धाटणीचे लहान रेड डॉट ३०-३५ ग्रॅमपासून मिळतात, नळीच्या आकाराचे त्याच्या दुप्पट-तिप्पट भरतात. बुल्सआयमध्ये .४५ ला हलका दारू-भार आणि मऊ स्प्रिंग वापरतात. त्यात स्लाइडवर हे ओझं चढलं की पुंगळी अडकू लागते.

गोळी सुटल्यावर ठिपका क्षणभर विझतो आणि परत येतो, ही तक्रार रेंजवर नेहमी ऐकू येते. साइट बिघडली असं समजून लोक ती परत पाठवतात. बऱ्याचदा आत काहीच बिघडलेलं नसतं. धक्क्याच्या क्षणी सेल जडत्वामुळे मागे राहतो, पितळी पत्तीपासून केसभर सुटतो आणि वीज तुटते. पत्तीची स्प्रिंग थकलेली असते, झाकण पुरतं आवळलेलं नसतं किंवा सेल किंचित पातळ असतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप देतात. त्या लेपामुळेही काही उपकरणांत वीज नीट पोचत नाही. म्हणून आधी सेल बदला, पत्ती कोरड्या कापडाने पुसा आणि झाकण तपासा. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून साइट चालू ठेवा आणि तळहाताने बाजूने चार-पाच थापा मारा. ठिपका लुकलुकला, तर मॅचमध्येही लुकलुकणार. सेल बदलूनही तेच होत असेल तेव्हाच ती कंपनीकडे पाठवा.

‘झिरो सरकला’, म्हणजे नेम आणि गोळी यांची जुळणी बिघडली, या तक्रारीचंही तसंच आहे. सरकते ती बहुधा साइट नव्हे, तिच्याखालची प्लेट किंवा स्क्रू. प्रत्येक रेड डॉट प्रत्येक पिस्तुलावर बसतो हा समज इथे नडतो. स्क्रूंची भोकं आणि खालचे खुंट यांची रचना कंपनीगणिक बदलते. न जुळणारी साइट बसवायला मध्ये प्लेट टाकली की सैल होऊ शकणारे जोड वाढले. स्क्रू लांब पडला तर काही पिस्तुलांत तो पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या यंत्रणेवर टेकतो, आखूड पडला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा भार येतो. बसवताना भोक आणि स्क्रू दोन्ही तेल काढून कोरडे करायचे, पुन्हा काढता येणारा निळा थ्रेडलॉकर थेंबभर लावायचा, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कनेच आवळायचं आणि सुकायला पूर्ण वेळ द्यायचा. मग स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. रोज रेंजवर पोचल्यावर ही रेघ पाहायला दोन सेकंद लागतात.

ठिपक्याच्या आकाराबद्दल ‘जितका लहान तितका अचूक’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं. आकार एमओएमध्ये मोजतात. एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, ५० यार्डांवर सुमारे १३ मिलिमीटर. बुल्सआयच्या ५० यार्डी टार्गेटवर दहाचं वर्तुळ सुमारे ८५ मिलिमीटरचं आणि त्यातलं एक्सचं वर्तुळ ४३ मिलिमीटरचं असतं. म्हणजे ४ एमओएचा ठिपका ५३ मिलिमीटर झाकतो, ६ एमओएचा दहाचं वर्तुळ जवळजवळ भरतो, २ एमओएचा एक्सच्या आत मावतो. कागदावर २ एमओए जिंकतो. पण डोळा ठिपक्याची कड शोधत नाही, तो काळ्या वर्तुळाच्या मध्यावर ठिपका तोलतो, आणि हे काम मोठ्या, मंद ठिपक्यानेही सुरेख होतं. लहान ठिपका उन्हात दिसेनासा झाला की माणूस उजेड वाढवतो, ठिपक्याच्या कडा फुटतात आणि २ चा ४ होऊन बसतो. वेगाच्या प्रकारात तर मोठा ठिपका लवकर सापडतो.

ठिपका गोल न दिसता चांदणीसारखा, स्वल्पविरामासारखा किंवा द्राक्षाच्या घोसासारखा दिसला, तर साइट बदलण्याआधी डोळे तपासा. पिस्तूल रिकामं करून टेकवा आणि साइटमधून मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहा. कॅमेऱ्यात ठिपका गोल असेल तर दोष डोळ्यातल्या दृष्टिवैषम्याचा आहे. आणखी पक्की खूण म्हणजे साइट डोळ्यासमोर हळूहळू फिरवणं: फराटा साइटबरोबर फिरला तर दोष साइटचा, जागीच राहिला तर तुमचा. अनेकांचं काम नेमबाजीसाठी करून घेतलेल्या योग्य नंबरच्या चष्म्याने भागतं.

पॅरलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की नेम सरकणं, अजिबात नाही, हा दावाही अर्धाच खरा. काच निर्दोष असली तरी डोळा मध्यापासून जितका सरकेल तितकाच नेम सरकतो. २० मिलिमीटरच्या खिडकीत ही चूक जास्तीत जास्त १० मिलिमीटर. नऊ आणि दहा यांच्या सीमेवर तेवढंही पुरतं. काच हलक्या प्रतीची असेल तर कडेला ठिपका आणखी भरकटतो. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून ठिपका २५ यार्डांवरच्या खुणेवर आणा आणि डोकं हळूच चारी बाजूंना हलवा, म्हणजे दिसेलच. ठिपका खिडकीत मधोमध ठेवायची सवय लागली की ही काळजी बरीचशी मिटते.

आपोआप उजेड बदलणारी साइट सोयीची वाटते, पण टार्गेट नेमबाजीत ती मला नको वाटते. फायरिंग लाइन छपराखाली सावलीत असते, टार्गेट रणरणत्या उन्हात. सेन्सर तुमच्याभोवतीची सावली मोजतो आणि ठिपका मंद करतो. उजळ कागदावर तो विरून जातो. बटण किंवा फिरकी हाताने चालवता येईल अशीच साइट घ्या. पाऊस आणि धूळ असलेल्या मैदानावर बंद धाटणीची साइट बरी, कारण उघड्या साइटमध्ये एलईडीवर पावसाचा एक थेंब बसला तरी ठिपका फुटतो.

विकत घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी उरकून टाका. पिस्तूल टेकवून पाच गोळ्यांचा ग्रुप घ्या. मग साइट २० क्लिक उजवीकडे, पुढच्या ग्रुपनंतर २० वर, मग २० डावीकडे आणि २० खाली. दर वेळी नेम मात्र त्याच जागी. टार्गेटवर चौकोन उमटला पाहिजे आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर बसला पाहिजे. चौकोन वाकडा आला किंवा ग्रुप उशिरा, दोन-तीन गोळ्यांनी हलला, तर आतली यंत्रणा ढिली आहे. परतीची मुदत आहे तोवर ती साइट परत करा. चौकोन नीट आला तर दोन झिरो लिहून ठेवा. हलक्या भाराची .४५ ची गोळी ५० यार्डांना जुळवली तर २५ यार्डांवर काही सेंटिमीटर वर लागते, त्यामुळे बुल्सआयवाले अंतर बदललं की मोजून क्लिक फिरवतात. आणि घेण्यापूर्वी सेलचं झाकण कुठे आहे ते पाहा. काही साइटमध्ये ते तळाशी असतं. सेल बदलायला साइटच काढावी लागते, आणि मग थ्रेडलॉकर, टॉर्क, रेघ आणि झिरो हे सगळं मॅचच्या आधी नव्याने करावं लागतं.