जाहीर नोटीस वाचणार कोण?

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. मराठी भाषा विद्यापीठाचे कामकाज २०२४ मध्ये येथेच सुरू झाले. अशा गावांची खबरबात छापण्याचे काम वऱ्हाडात अमरावतीच्या ‘हिंदुस्थान’ व ‘जनमाध्यम’ने, अकोल्याच्या ‘मातृभूमि’ व ‘देशोन्नती’ने केले. या पत्रांना छोट्या जाहिरातींचा मोठा आधार असे: निधन व तेरवीची सूचना, हरवलेली कागदपत्रे, नावातील बदल, शेताच्या खरेदीपूर्वीची जाहीर नोटीस.

हा आधार हळूहळू सुटत गेला. लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये यवतमाळात काढलेले साप्ताहिक ‘लोकमत’ १९७१ मध्ये नागपुरात दैनिक झाले. पुढे मोठ्या दैनिकांच्या जिल्हा पुरवण्या आल्या, चौकाचौकांत फ्लेक्स लागले, मग व्हॉट्सॲप आले. २०२० च्या टाळेबंदीत राज्य शासनाने घरोघरी वृत्तपत्रवाटपास काही काळ मनाई केली. त्या दिवसांत सुटलेली सवय अनेक घरांत परतली नाही.

तेरवीची सूचना मोबाईलवर आली, तर फारसे बिघडत नाही, असे आम्हांस वाटते. तथापि ती ज्यांचा क्रमांक आपल्याकडे आहे त्यांनाच पोहोचते. दूरचा स्नेही राहून जातो.

खरा प्रश्न कायद्याच्या नोटिशीचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० नुसार न्यायालयाने समन्स वृत्तपत्रातून देण्याचा आदेश दिल्यास, प्रतिवादीच्या शेवटच्या ज्ञात वास्तव्याच्या परिसरात खपणाऱ्या दैनिकात ते छापावे लागते. असे समन्स प्रत्यक्ष हाती दिल्याइतकेच ग्राह्य असते. वाचले की नाही, हे विचारले जात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही अधिसूचना परिसरातील दोन दैनिकांत देणे आवश्यक आहे. म्हणजे कायदा अजून वाचक गृहीत धरतो. वाचक मात्र उठून गेला आहे. शेताच्या खरेदीची नोटीस वकील बहुधा सात किंवा पंधरा दिवसांच्या मुदतीने देतात. लग्न होऊन परतवाड्यास गेलेल्या बहिणीचा त्या संत्र्याच्या बागेत हिस्सा असेल, तर तिला ती नोटीस कोण दाखविणार?

तूर्त एक मार्ग आहे. सातबाऱ्यावरील फेरफाराच्या नोटिसा शासनाच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावनिहाय पाहता येतात. हरकतीसाठी साधारणतः पंधरा दिवस मिळतात. ज्यांची शेती गावी व वास्तव्य अन्यत्र आहे, त्यांनी दर पंधरवड्यास आपल्या गावाचे पान उघडून पाहावे.