यंत्राने लिहिलेल्या कोडची शैली तपासायची म्हणजे नेमकं काय तपासायचं?

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करायचं ठरवलेले बरेच विद्यार्थी 'कोड रिव्ह्यू' हा विषय घेतात. डेटा गिटहबवर सहज मिळतो आणि प्रश्नही ओळखीचे वाटतात. पण या डेटात एक भाग असा आहे की तो वेगळा काढला नाही तर निष्कर्षच चुकतात. तो म्हणजे माणसाने न लिहिलेला, जनरेटरने तयार केलेला कोड. पेमेंटच्या लायब्ररींचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या पायथन, रुबी, जावा, गो, नोड अशा भाषांतल्या लायब्ररी खुल्या आहेत. कंपनीच्या एपीआयचं वर्णन ओपनएपीआय या पद्धतीने लिहिलेलं असून तेही खुलं आहे. त्या वर्णनावरून या लायब्ररींचा बराचसा कोड आपोआप तयार होतो आणि तशी सूचना देणारी ओळ अशा फाइलींच्या सुरुवातीलाच असते. एपीआयमध्ये एक नवं फील्ड आलं की सगळ्या भाषांत अपडेट निघतं. बदललेल्या फाइली कधी पाच, कधी शेकडो.

आता समजा तुम्ही रिव्ह्यूअर आहात आणि एक ओळ फार लांब आहे, असं तुम्हाला दिसलं. तुम्ही ती तिथेच तोडली तर काय होईल? पुढच्या वेळी जनरेटर चालेल आणि तुमची दुरुस्ती पुसली जाईल. गो भाषेत तर अशा फाइलींसाठी ठरलेली ओळच आहे: हा कोड जनरेट केलेला आहे, बदलू नका. म्हणजे रिव्ह्यूचा पहिला प्रश्न 'हे चूक आहे का?' एवढाच नाही. 'हे दुरुस्त कुठे करायचं?' हाही आहे. दुरुस्तीच्या जागा चार: मूळ वर्णन, जनरेटरचा साचा, फॉरमॅटर, किंवा हाताने लिहिलेला उरलेला कोड.

या दृष्टीने बघितलं तर 'शैली' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, मांडणी. मोकळ्या जागा, ओळींची लांबी, स्वल्पविराम. यावर माणसाने वेळ घालवूच नये. गोसाठी गोफमट, पायथनसाठी ब्लॅक, जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर ही कामं करतात. फक्त एक पथ्य पाळायचं: फॉरमॅटरची आवृत्ती बदलली तर तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये ठेवायचा. नाहीतर हजार ओळींच्या हलवाहलवीत खरा बदल झालेल्या तीन ओळी कोणाला दिसणार नाहीत. अशी कमिट नंतर इतिहास बघताना वगळायची सोय गिटने 2019 मध्ये, 2.23 आवृत्तीत दिली.

दुसरी, नावं. इथे खरी गंमत आहे. जावास्क्रिप्टमध्ये साधारणपणे शब्द जोडून, मधलं अक्षर मोठं करून नाव लिहायची रीत. पण स्ट्राइपच्या नोड लायब्ररीत मेथडची नावं या रीतीने असतात, आणि पाठवायच्या फील्डची नावं मात्र अंडरस्कोअर घालून. नवखा रिव्ह्यूअर लगेच 'विसंगत' असा शेरा मारेल. पण ही फील्ड एपीआयच्या जेसनमध्ये जशी आहेत तशीच ठेवलेली आहेत. त्यामुळे दस्तऐवजात, लॉगमध्ये आणि कोडमध्ये एकच नाव दिसतं. जावाच्या लायब्ररीत मात्र त्याच फील्डना जावाच्या रीतीची नावं आहेत. दोन्ही निर्णय समजण्यासारखे आहेत. पण एकदा नाव प्रसिद्ध झालं की ते बदलणं म्हणजे ती लायब्ररी वापरणाऱ्यांचा कोड मोडणं. म्हणून नावाबद्दलचा शेरा रिलीजच्या आधी आला तरच उपयोगाचा.

तिसरी, अर्थ झाकणारी शैली. 2014 च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधला एक दोष गाजला. 'गोटू फेल' ही ओळ दोनदा पडली होती. महिरपी कंस नव्हते आणि दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली होती. दिसायला ती अटीच्या आतली, प्रत्यक्षात अटीच्या बाहेरची. परिणामी सहीची तपासणीच टळत होती. तो कोड पेमेंट लायब्ररीचा नव्हता, पण मुद्दा तोच: काही वेळा शैलीचा दोष हाच सुरक्षेचा दोष असतो. पेमेंटमध्ये याचं साधं रूप म्हणजे रक्कम. स्ट्राइपला 500 रुपये सांगायचे तर पैशांत, म्हणजे 50000 असे सांगावे लागतात. जपानी येनला छोटं नाणंच नाही, म्हणून 500 येन म्हणजे 500 च. 'अमाउंट' या नावाशेजारच्या टिपेत हे एकक लिहिलेलं नसेल, तर ती उणीव 'फक्त डॉक्युमेंटेशनची' राहत नाही. कोणाच्या तरी खात्यातून शंभरपट रक्कम जाऊ शकते.

आता संशोधनाकडे वळू. मॅन्टिला आणि लासेनियस यांच्या 2009 च्या अभ्यासात रिव्ह्यूमध्ये सापडलेल्या दोषांपैकी सुमारे 75 टक्के दोष दिसणाऱ्या कामकाजावर परिणाम न करणारे होते. ते कोड वाचणं आणि पुढे बदलणं अवघड करणारे होते. हा आकडा खूप वापरला जातो. पण जनरेट केलेल्या कोडला तो तसाच लावता येईल का? तो कोड हाताने कोणी बदलतच नाही, मग 'पुढे बदलणं अवघड' याचा अर्थ काय उरतो? वाचणं मात्र उरतं, कारण लायब्ररी वापरणारा अडकला की त्याच फाइलीत डोकावतो. म्हणजे आधी व्याख्या तपासायची, मग टक्केवारी.

डेटा गोळा करताना तीन गोष्टी सांभाळा. एक, जनरेट केलेल्या फाइली वेगळ्या मोजा. 'दर शंभर ओळींमागे शेरे' असं माप काढलं आणि त्यात अशा वीस हजार ओळी आल्या, तर रिव्ह्यूअर आळशी असल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. दोन, शेरा एका रिपॉझिटरीत आणि दुरुस्ती जनरेटरच्या दुसऱ्या, कदाचित खासगी रिपॉझिटरीत असू शकते. 'शेऱ्याकडे दुर्लक्ष झालं' असं लिहिण्याआधी पुढची रिलीज बघा. तीन, गिटहबवर फाइलीला जनरेट केलेली अशी खूण करता येते, मग तिच्यातले बदल मिटलेले दिसतात. सोय चांगली आहे, पण तिथे हाताने घुसवलेला बदल कोण बघणार? वर्णनावरून कोड पुन्हा तयार करून तो रिपॉझिटरीतल्या कोडशी जुळतो का, हे यंत्रानेच तपासलं पाहिजे. अशी तपासणी किती प्रकल्प करतात, हा स्वतंत्र अभ्यासाचा प्रश्न होऊ शकतो.

सुरुवात छोटी करा. एकच लायब्ररी आणि तिची लागोपाठची दहा अपडेटं घ्या. प्रत्येक शेऱ्यापुढे दोन रकाने भरा: शैलीचा प्रकार कोणता, आणि दुरुस्ती कुठे व्हायला हवी होती. दुसरा रकाना भरताना अडलात, तर ती जागा वहीत लिहून ठेवा. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा पहिला संशोधन-प्रश्न बहुधा त्याच नोंदींमधून निघेल.