आणखी एक काढा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी रात्री साडेनऊला पुतणीचा फोन आला. एवढ्या उशिरा ती सहसा करत नाही, त्यामुळे काळजात जरा धस्स झाले. पलीकडून आवाज आला, "काकू, शुक्रवारी ऑफिसात फोटो काढणार आहेत. मी काय करू?"

पुतणी हिंजवडीच्या एका कंपनीत आहे. तिच्या टीममध्ये चौतीस माणसे. वेबसाइटवर, ओळखपत्रांवर, गिऱ्हाइकांना पाठवायच्या कागदपत्रांत सगळ्यांचे एकाच धाटणीचे चेहरे हवेत, म्हणून फोटोग्राफर, दिवे, पडदा असा सगळा सरंजाम ऑफिसातच येणार होता. छातीपासून वरचा फोटो. त्याला हल्ली हेडशॉट म्हणतात, हेही तिनेच मला सांगितले. व्यवस्था सगळी हिच्याकडे आणि भीतीही हिलाच! "बाकीच्यांचं मी बघीन गं, पण माझा फोटो कधी म्हणजे कधी चांगला येत नाही."

मला हसू आले. सदतीस वर्षे मी बँकेत काढली. माणसाचा चेहरा पासपोर्ट साइझमध्ये बसवण्याच्या कामी बँकवाल्यांइतका हातभार क्वचितच कुणी लावला असेल. १९९३ साली शेषनसाहेबांच्या निवडणूक आयोगाने मतदारांना फोटोचे ओळखपत्र देण्याचे फर्मान काढले आणि १९९४च्या जानेवारीपासून नव्या खातेदारांचे फोटो घेण्याचा रिझर्व्ह बँकेचा दंडक लागू झाला. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत होते. डिंकाची बाटली आणि फोटोंची चळत, हेच टेबलावरचे दृश्य. एका आजीबाईंनी कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोमधून कातरून काढलेला स्वतःचा चेहरा आणून दिला. कानाशी परक्या माणसाचा खांदा शिल्लक होता. "एवढाच हाय बाई," म्हणाल्या. तोच चिकटवला.

पण पुतणीशी बोलता बोलता माझे हसू मावळले. दुसराच एक फोटो आठवला. त्याची गोष्ट मी आजवर घरातही फारशी सांगितलेली नाही.

१९९६ साली त्याच शाखेत कर्मचाऱ्यांची ओळखपत्रे करायची होती. काम माझ्याकडे. आम्ही सतरा जण. गावातल्या स्टुडिओवाल्याला दुपारच्या सुट्टीत बोलावले, स्ट्राँगरूमच्या बाहेरच्या पिवळ्या भिंतीपाशी स्टूल ठेवले आणि अर्ध्या तासात सगळे उरकले. आमचे दफ्तरी त्या वेळी माळ्यावर जुन्या लेजरांचे गठ्ठे बांधत होते. त्यांना हाक मारून खाली आणले. केसांवर धूळ, कॉलर एका बाजूला दुमडलेली. फोटोग्राफर म्हणाला, चष्मा काढा, चमकतोय. त्यांनी चष्मा काढला आणि समोरचे काही दिसेना म्हणून डोळे बारीक केले. फ्लॅश उडाला. "साहेब, आणखी एक काढू का?" फोटोग्राफरने मला विचारले. मी घड्याळ पाहिले आणि म्हटले, "एक पुरे. पुढचा."

एका रोलमध्ये छत्तीस फोटो निघत. आम्ही सतरा. प्रत्येकाचे दोन काढले असते तरी दोन उरले असते. हा हिशेब मी, जिने आयुष्यभर हिशेबच केले तिने, तीन वर्षांनी केला.

१९९९ साली दफ्तरी अचानक गेले. तेराव्याच्या आधी त्यांची बायको आणि थोरला मुलगा शाखेत आले. घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. मी फाइलमधून ओळखपत्राची प्रत काढून दिली. माउलीने ती बराच वेळ हातात धरली, मग टेबलावर पालथी ठेवली. "ह्ये आमचं न्हाईत, बाई. ह्ये असं कवा दिसायचं? कुणी तरी दरडावल्यागत दिसत्यात."

दरडावले कुणी नव्हते. घाई केली होती, आणि ती मी केली होती.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट कळली. ऑफिससाठी काढलेला फोटो ऑफिसातच राहील याचा काही नेम नसतो. बऱ्याच माणसांच्या आयुष्यात शांतपणे, एकट्याचा, नीट काढलेला तेवढाच एक फोटो असतो. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे हे खरे. पण घरातल्या दहा हजार फोटोंत बाबा कुठे असतात? ते बहुधा फोटो काढत असतात! म्हणून पुतणीला म्हटले, हसण्यावारी नेऊ नकोस, कागद-पेन घे.

आधी तिची भीती काढायची होती. आपला फोटो आपल्याला आवडत नाही, यात चेहऱ्याचा दोष कमीच. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात पाहतो, म्हणजे उलटे. भांग डावीकडचा उजवीकडे. फोटोत आपण जगाला दिसतो तसे दिसतो आणि तो चेहरा आपल्याला परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी याचा प्रयोग केला. विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोची सुलटी आणि उलटी प्रत दाखवली. बहुतेकींना स्वतःची आरशातली प्रत आवडली, त्यांच्या मित्रमैत्रिणींना मात्र सुलटी! तेव्हा आपला फोटो निवडायची वेळ आली तर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला निवडू द्यावा.

दुसरा गुन्हेगार म्हणजे अंतर. हात लांब करून फोनने काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते, कारण नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान त्या मानाने लांब. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवले आहे की, पाच फुटांच्या तुलनेत बारा इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. चांगला फोटोग्राफर पाच-सहा फुटांवर उभा राहतो आणि लांबची लेन्स लावतो ती याचसाठी.

मग तयारी. केस कापायचे तर आठवडाभर आधी. आदल्या दिवशी कापलेले केस आपल्याला अजून आपले वाटत नसतात. कपडे नवे कोरे नकोत. दोनदा घातलेले, गळ्याशी नीट बसणारे, इस्त्रीचे. बारीक रेघा आणि बारीक चौकडी डिजिटल कॅमेऱ्यात नाचल्यासारख्या दिसतात. त्यापेक्षा निळा, मोरपंखी, मरून असा एकरंगी कपडा बरा. पडदा पांढरा असेल तर पांढरा शर्ट त्यात विरघळतो. साडी नेसणारीने पदर नीट पिनअप करावा. कडक खळीची सुती साडी बसल्यावर फुगते. चेहरा चमकत असेल तर रुमालाने टिपावा, पण टाल्कम पावडरचा थर नको. फ्लॅशमध्ये माणूस भस्म लावल्यासारखा दिसतो.

चष्मा रोजचा असेल तर काढू नये. आमच्या दफ्तरींवरून शिकलेला हा धडा. काचा स्वच्छ पुसाव्यात आणि काड्या कानावरून किंचित वर उचलाव्यात. काचा थोड्या खाली झुकतात, दिव्याची चमक निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर दहा मिनिटे आधी आत येऊन बसावे.

उभे राहताना शरीर थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी किंचित पुढे आणि जराशी खाली, कासव मान बाहेर काढते तशी, पण अगदी दोन बोटे. करताना वेड्यासारखे वाटते, फोटोत गळ्याची रेघ सुरेख येते. मग डोळे मिटायचे, श्वास सोडायचा आणि फोटोग्राफरने तीन म्हटले की उघडायचे.

राहता राहिले हसू. १८३९ साली फोटोची कला जगापुढे आली तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटे लागत. माणूस हलू नये म्हणून स्टुडिओत त्याच्या डोक्यामागे लोखंडी आधार लावत. इतका वेळ हसू कोण टिकवणार? कॅमेऱ्यापुढे गंभीर राहण्याची रीत पडायला हेही एक कारण झाले. आधार गेला, पण कचेरीतल्या फोटोत हसायचे नाही हा समज मागे राहिला. आणि हसू मागून येत नाही. ड्यूशेन नावाच्या फ्रेंच वैद्याने १८६२ साली फोटोंसह लिहून ठेवले आहे की, ओठ आपल्या हुकमाने हसतात, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदानेच हलतो. म्हणून "चीज" म्हणण्यापेक्षा आपल्या आवडत्या माणसाची एखादी खोडी आठवावी.

"आणि व्यवस्था तुझ्याकडे आहे ना," मी म्हटले, "तर हे तुझ्यासाठी." प्रत्येकाला दहा मिनिटांची वेळ लिहून द्यायची. रांग लावायची नाही; दहा जण बघत असताना कुणाचाही चेहरा मोकळा राहत नाही. शेजारी एक आरसा, कंगवा, सेफ्टी पिनांचे पाकीट. जमिनीवर चिकटपट्टीची खूण, म्हणजे सगळे एकाच जागी उभे राहतील; कॅमेऱ्याची उंची मात्र ज्याच्या त्याच्या डोळ्यांइतकी, नाहीतर बुटकी माणसे दबलेली दिसतात. काढलेले फोटो तिथेच दाखवायचे आणि आवडला नाही तर पुन्हा काढायचा.

आणि एक गोष्ट फोटोग्राफरला आधीच बजावायची, कुणाला गोरे करायचे नाही. आपल्याकडे स्टुडिओवाल्यांना न मागता उजळपणा वाटायची जुनी खोड आहे. पंधरा दिवसांत जाणारी गोष्ट, मुरूम किंवा ओरखडा, खुशाल पुसावी. जन्माची असेल ती, रंग, तीळ, वण, तशीच ठेवावी. नाहीतर उद्या कुणी तरी म्हणेल, हे आमचे नव्हेत.

दफ्तरींच्या फोटोचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९९७ साली मॅनेजरांच्या निरोप समारंभात आमचा एक ग्रुप फोटो काढला होता. दफ्तरी मागच्या रांगेत, अगदी कडेला. कुणी तरी काही तरी बोलले असावे; सगळे कॅमेऱ्याकडे पाहताहेत आणि दफ्तरी चष्म्याआडून खळखळून हसताहेत. फोटोत चेहरा चवळीच्या दाण्याएवढा. मी त्या स्टुडिओवाल्याकडे गेले. त्याने निगेटिव्ह शोधून तेवढाच चेहरा मोठा करून दिला. फार धूसर आला, दाणे दाणे दिसत होते. मी ओशाळून तो घरी नेऊन दिला. माउलीने पदराने काच पुसली आणि म्हणाली, "ह्ये बगा. ह्ये आमचं." त्याच फोटोला हार घातला.

शुक्रवारी रात्री पुतणीचा पुन्हा फोन आला. सकाळी नऊला सुरू झालेले काम संध्याकाळी पाचला संपले होते आणि वरिष्ठांनी थोडी कुरकूर केली होती. यादीत चौतीस होते, पस्तीस झाले. चहा देणाऱ्या मावशींनाही तिने स्टुलावर बसवले. पहिला फोटो पाहून त्या नको नको म्हणाल्या. "मग मी त्याला म्हटलं, आणखी एक काढा," ती म्हणाली. तिसऱ्याला मावशी हसल्या. त्यांना मुलीला दाखवायला कागदावरची प्रत हवी आहे.

"आणि तुझा?"

तिने फोनवर पाठवला. हसताना तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त बारीक होतो, लहानपणापासून. तो तसाच आला होता.

"छान आलाय," मी म्हटले. "तूच आहेस. याची एक प्रत कागदावर काढ आणि आईकडे दे."