सेकंदाला एक वर्ष

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत. एकेका वस्तूला अर्धं मिनिट दिलं आणि एकही सुट्टी न घेता रोज आठ तास बघत राहिलं, तर सगळं बघून व्हायला जवळजवळ २३ वर्षं लागतील. शिवाय शंभरातली जेमतेम एक वस्तू दालनात मांडलेली असते, बाकीच्या नव्व्याण्णव कोठारात. संग्रहालय ‘पूर्ण बघून झालं’ असं कधी होतच नाही, आणि हे एकदा मान्य केलं की फिरण्यातली दमछाक संपते.

म्हणून एचएसआर लेआउटमध्ये नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी, किंवा त्यांच्याकडे सुट्टीत आलेले आईबाबा, आत्या, मावश्या ‘बेंगळुरूत काय बघावं’ असं विचारतात, तेव्हा मी संग्रहालयांची यादी देत नाही. एका ठिकाणची एकच वस्तू सांगतो आणि तिच्यासोबत एक आकडा. आकडे अवाढव्य आहेत, तेव्हा आधी माप ठरवून घेऊ : एक वर्ष म्हणजे एक सेकंद.

पहिली वस्तू लालबागेत. लालबाग संग्रहालय नव्हे, बाग आहे. पण या शहरातली सगळ्यांत जुनी बघण्याजोगी वस्तू तिथे उघड्यावर आहे आणि तिला हात लावायला कोणी मनाई करत नाही. केम्पेगौडांचा बुरूज ज्या उघड्या खडकावर उभा आहे, तो खडक. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. वय सुमारे ३०० कोटी वर्षं. आपल्या मापात ९५ वर्षं. म्हणजे जन्मल्या क्षणापासून कोणी सेकंदाला एक वर्ष असं मोजायला बसलं, तर पंचाण्णवी गाठेपर्यंत त्याचं मोजणं चालेल.

आता सह्याद्री आठवा. आपल्याला तो अनादि वाटतो. दख्खनचा काळा कातळ ज्या लाव्ह्याचा झाला, तो वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. डायनोसॉर नाहीसे झाले तोच हा काळ. आपल्या मापात दोन वर्षं आणि एक महिना! लालबागेचा खडक पंचाण्णव वर्षांचे पणजोबा असतील, तर राजगडाचा कातळ म्हणजे नुकतं बोलायला लागलेलं पोर. तुमच्याआमच्यासारखी माणसं पृथ्वीवर आली त्याला सुमारे ३ लाख वर्षं झाली, म्हणजे साडेतीन दिवस. वेरूळचं कैलास लेणं कोरलं गेलं २१ मिनिटांपूर्वी. केम्पेगौडांनी १५३७ मध्ये बेंगळुरू वसवलं, त्याला झाली आठ मिनिटं. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने हे शहर घेतलं आणि शहाजीराजांकडे इथली जहागीर आली, ती साडेसहा मिनिटांपूर्वी. आणि होसूर-सर्जापूर रस्त्याच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला, सात सेक्टरांचा आपला एचएसआर? त्याला अजून मिनिटही झालेलं नाही.

खडकावर बसून तळहात टेकवा. पांढऱ्या आणि करड्या पट्ट्या एकमेकींत पीळ घालत गेलेल्या दिसतील. हा दगड कधीकाळी जमिनीत खोलवर, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली कणकेसारखा मळला गेला, त्याची ती खूण. सकाळी फिरायला आलेली शेकडो माणसं त्यावरून चालत जातात. पाहुण्यांना पहिल्याच दिवशी इथे आणावं असं मला मनापासून वाटतं. ३०० कोटी हा आकडा पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, तो असा पायाखाली यावा लागतो.

मग एचएसआरच्या घराजवळच या. लेआउटला लागून असलेल्या आगरा गावात सापडलेल्या नवव्या शतकातल्या कानडी शिलालेखात तलावांना मोऱ्या बसवल्याची नोंद आहे. बांध घालून पाणी अडवणं हे अर्धंच काम. अडवलेलं पाणी हवं तेव्हा, हवं तेवढं सोडणारी मोरी बांधली की तलाव शेतीच्या उपयोगाचा होतो. ते काम करवून घेणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं जावं, इतकं त्याला मोल होतं. तिथून काही किलोमीटरवर बेगूर. बेगूरच्या नागेश्वर मंदिरातल्या, इसवी सन ९००च्या आसपासच्या लेखात ‘बेंगळुरूच्या लढाईत’ पडलेल्या माणसाची नोंद आहे. केम्पेगौडांच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी ‘बेंगळुरू’ हे नाव दगडावर आलेलं आहे. बेगूरचाच युद्धदृश्याचा देखणा वीरगळ कस्तुरबा रोडवरच्या सरकारी संग्रहालयाच्या संग्रहात आहे. हे संग्रहालय १८६५ मध्ये स्थापन झालं. ते उघडं आहे ना, एवढं निघण्याआधी विचारून घ्या.

त्याच रस्त्यावर विश्वेश्वरय्या औद्योगिक आणि तंत्रज्ञान संग्रहालय आहे. १९६२ च्या जुलैत पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. मुलं दारातल्या डायनोसॉरपाशी रेंगाळतील, रेंगाळू द्या. मोठ्यांनी राइट बंधूंच्या विमानाच्या पूर्णाकृती प्रतिकृतीखाली जाऊन उभं राहावं. लाकडी सांगाडा, ताणून बसवलेलं कापड, तारा. १७ डिसेंबर १९०३ रोजी मूळ विमान पहिल्यांदा उडालं ते १२ सेकंद, १२० फूट. मीटरमध्ये साडेछत्तीस. पुण्याहून बेंगळुरूला ज्या एअरबस ए-३२० विमानांतून आपण येतो, त्यांची लांबी साडेसदतीस मीटर. माणसाचं पहिलं उड्डाण आजच्या एका मध्यम विमानाच्या शेपटापासून नाकापर्यंतही पोचलं नसतं. आपल्या मापात याला दोनच मिनिटं झाली.

आणि त्याच १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला काय चाललं होतं? ज्यांच्या नावाचं हे संग्रहालय, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. त्यांनी शोधलेली स्वयंचलित दारं त्या वर्षी खडकवासला धरणावर बसली. पाणी ठरलेल्या पातळीवर पोचलं की दारं आपोआप उघडत, ओसरलं की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. आगऱ्याच्या मोरीपासून या दारापर्यंत साधारण हजार वर्षं, म्हणजे सतरा मिनिटं. पुण्यात शिकलेल्या या अभियंत्याच्या संग्रहालयात पुणेकरांनी तरी खडकवासल्याची आठवण घेऊन जावं.

विमानं आवडली तर जुन्या विमानतळाच्या रस्त्यावरचं, विमानं बनवणाऱ्या एचएएल कंपनीचं संग्रहालय गाठा. ही कंपनी डिसेंबर १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने काढली. तिथे फक्त ‘मरुत’ बघा. राइट बंधूंच्या १२ सेकंदांनंतर साडेसत्तावन्न वर्षांनी, १७ जून १९६१ ला, भारतात बनलेलं हे लढाऊ जेट याच शहरातून उडालं. एकूण १४७ मरुत बांधली गेली.

कस्तुरबा रोडवरच २०२३ मध्ये उघडलेलं कला आणि छायाचित्रण संग्रहालयही आहे, ‘मॅप’. साठ हजारांहून अधिक कलाकृतींचा संग्रह. मला तिथे हटकून पुण्याचे काका केळकर आठवतात. चष्म्याचं दुकान चालवणारा, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२० च्या सुमारास अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे जमवू लागला. १९६० पर्यंत सुमारे १५ हजार वस्तू झाल्या. चाळीस वर्षांचे दिवस होतात १४,६१०. रोज एक वस्तू! चाळीस वर्षं, रोज! यामागे ना संस्था ना सरकार. दिनकर केळकर, सोबत पत्नी कमलाबाई, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाची आठवण. पुण्याला परत गेलात की केळकरांच्या संग्रहालयात मात्र पुन्हा जा.

शेवटची वस्तू एचएसआरपासून सर्वांत सोप्या वाटेवर आहे. सिल्क बोर्डचा चौक ओलांडून होसूर रोडने सरळ निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. तिथल्या मेंदू-संग्रहालयात शेकडो मानवी मेंदू फॉर्मॅलिनच्या बरण्यांत ठेवलेले आहेत : पक्षाघाताने काळवंडलेले, गाठीने दबलेले, स्मृतिभ्रंशात आक्रसलेले. घरच्यांच्या संमतीने मिळालेले हे मेंदू अभ्यासकांनी वर्षानुवर्षं जपले. भेट देणाऱ्याला हातमोजे घालून खरा मेंदू हातात धरता येतो. वजन दीड किलोच्या आत. अख्ख्या शरीराच्या वजनाचा सुमारे २ टक्के भाग, आणि आपण खातो त्यातली सुमारे २० टक्के ऊर्जा त्याचीच.

आतल्या चेतापेशी किती, हे बराच काळ अंदाजानेच सांगत. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतींचं चक्क सूप केलं. पेशी विरघळल्या, केंद्रकं तेवढी शाबूत राहिली. द्रव ढवळून सगळीकडे सारखा केला, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्यातली चेतापेशींची केंद्रकं मोजली आणि गुणाकार केला. २००९ मध्ये उत्तर आलं : सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी.

सेकंदाला एक पेशी या वेगाने, रात्रंदिवस मोजलं तर २,७२५ वर्षं लागतील. आज मोजणी संपायची असेल, तर ती गौतम बुद्धांच्या जन्माआधीच सुरू व्हायला हवी होती. लालबागेच्या खडकाची सगळी वर्षं मोजायला एक दीर्घ आयुष्य पुरतं. ओंजळीत मावणाऱ्या या मेंदूतल्या पेशी मोजायला तशी जवळजवळ एकोणतीस आयुष्यं लागतील.

मेंदू-संग्रहालयात जाताना आधी फोन करून मार्गदर्शकासोबतच्या फेरीची वेळ विचारा. मुलांना काय दिसणार आहे ते घरीच सांगून ठेवा, आणि बरणीवरची चिठ्ठी त्यांना स्वतः वाचू द्या.