आधी मासा, शेवटी काठी

चांगी बिझनेस पार्कजवळच्या एक्स्पो स्टेशनवर डाउनटाउन लाइनची गाडी पकडली, की पाचवं स्टेशन बेडोक रिझरव्हॉयरचं. इथल्या बँकांत आणि आयटी कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना हा तलाव माहीत असतो तो फिरायला, धावायला. त्याच काठावर फ्लाय फिशिंगही करता येतं. सिंगापूरमध्ये सूर्य बाराही महिने संध्याकाळी सातच्या आसपास मावळतो, त्यामुळे ऑफिस वेळेवर सुटलं तर गळ टाकण्याएवढा उजेड हाताशी उरतो.

नेहमीच्या मासेमारीत आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. इथे उलट असतं. गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेली फ्लाय इतकी हलकी असते, की एकटी चार हातही लांब जात नाही. तिला जाड, वजनदार दोरी वाहून नेते. नवशिके दुकानात शिरले की आधी काठी उचलतात आणि बाकीचं सामान तिला जुळवत बसतात. हा क्रम बदला, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे: आधी मासा ओळखा, मग फ्लाय निवडा, मग दोरी, आणि काठी सगळ्यात शेवटी.

माशाचा स्वभाव

आधी मासा का, ते एका उदाहरणावरून पाहा. उत्तर अमेरिकेच्या तलावांत वॉलआय नावाचा मासा असतो. त्याच्या डोळ्यात मांजराच्या डोळ्यासारखा प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून तो तिन्हीसांजेला आणि रात्री, बरेचदा तळालगत शिकार करतो. त्याच्यासाठी बुडणारी दोरी, जळवेसारखी फ्लाय आणि संथ खेच लागते. तोच सरंजाम जसाच्या तसा बेडोकला आणून भागत नाही, कारण इथले मासे वेगळे आहेत.

पहिला पीकॉक बास. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, माणसाने इथे आणून सोडलेला. शेपटीवर मोरपिसातल्यासारखा गोल ठिपका असतो. तो नजरेच्या भरवशावर, दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणून त्याला चकाकी आणि वेग लागतो. दुसरा तोमान, आपल्या मरळ माशाचा थोरला भाऊबंद. मीटरभर लांब वाढू शकतो, दात धारदार, आणि हवा गिळायला अधूनमधून पाण्यावर येतो. संथ पाण्यावर एकाएकी वळसा उठला, मधोमध गडद पाठ दिसून गेली, की तोमान तिथेच आहे हे समजावं. त्याच्या जाण्याच्या दिशेने, थोडी पुढे फ्लाय टाकावी. डोक्यावर टाकली तर तो बिथरतो.

फ्लाय आणि दोरी

सुरुवातीला दोनच नमुने पुरेसे आहेत. पहिला क्लाउझर मिनो. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८०च्या दशकात तो घडवला. गळाच्या दांड्यावर, पुढच्या बाजूला, डंबेलसारखे धातूचे डोळे आडवे बांधायचे. मग पांढरे आणि पोपटी केस, मधे चमकीच्या दोन-चार तारा. डोळ्यांच्या वजनाने फ्लाय पाण्यात उलटी होते, गळाचं टोक वर राहतं आणि ती काटक्यांत कमी अडकते. दोरी खेचली की ती उसळते, सोडली की नाक खाली करून बुडते. जखमी माशाची हुबेहूब चाल. पीकॉक बाससाठी २ ते १/० नंबरच्या गळावर ती बांधावी.

दुसरा पॉपर, म्हणजे फोमच्या डोक्याची तरंगती फ्लाय. खेचली की पाणी उडवत आवाज करते. झाडोऱ्याच्या कडेला तोमानसाठी हीच घ्यावी, आणि गळापुढे गवत अडवणारी नायलॉनची कमान असलेली घ्यावी.

फ्लायचा आकार ठरला की दोरीचा नंबर ठरतो. हा नंबर दोरीच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून देतात. ८ नंबरच्या दोरीचं हे वजन २१० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेतेरा ग्रॅम. धातूचे डोळे असलेली फ्लाय वाऱ्यात न्यायला एवढं वजन हवंच. दोरी उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच मागून घ्यावी. थंड पाण्याची दोरी इथल्या उकाड्यात मऊ पडते आणि काठीच्या कड्यांना चिकटते. पहिली दोरी तरंगती असावी, पुढे जमलं तर हळू बुडणारी.

दोरीच्या टोकाला फ्लाय बांधायला बारीक दोऱ्याचा तुकडा, म्हणजे लीडर, जोडतात. पीकॉक बाससाठी तो १६ ते २० पौंडांचा चालतो. तोमानसाठी फ्लायच्या अगदी पुढे वीतभर, निदान ४० पौंडांचा तुकडा जोडावा, नाहीतर दात दोरा कापतात. आता काठी: दोरीच्याच नंबरची, म्हणजे ८ची, ९ फुटी. मासा लागला की काठी वर उचलू नये. डाव्या हाताने दोरी जोरात खेचली तरच गळ घट्ट रुततो.

काठावरची जबाबदारी

बेडोकचा तलाव पूर्वी वाळूची खाण होता. १९८६मध्ये त्याचा जलाशय झाला. हे शहराचं पिण्याचं पाणी आहे. पीयूबी या जलसंस्थेने नेमून दिलेल्या जागीच गळ टाकता येतो, तोही फक्त कृत्रिम आमिषाने. जिवंत आमिष चालत नाही. मागे धावणाऱ्यांची वाट असते, म्हणून प्रत्येक फेकीआधी वळून पाहावं आणि गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. माणसाला लागला तरी तो सहज निघतो, आणि मासाही लवकर सुटतो.

तोमानची पिल्लं घोळक्याने वर येतात आणि आईबाप खाली पहारा करतात. त्या वेळी चिडलेला तोमान फ्लायवर चटकन तुटून पडतो, पण पालक गेला की इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. हा मोह टाळावाच. दुसरी खबरदारी विजेची. सिंगापूरमध्ये वादळं झटक्यात येतात आणि ग्रॅफाइटची काठी विजेची वाहक असते. पहिला गडगडाट ऐकू आला, की काठी खाली ठेवून आडोशाला जावं.

हा छंद खर्चिक आहे, म्हणून पहिल्या संध्याकाळी काहीच विकत न घेता जा. नेमलेल्या काठावर उभं राहून मासा कुठे उसळतो, वारा कोणत्या बाजूचा आहे, झाडोरा किती आहे, हे नीट पाहा. दुकानदाराला काय मागायचं, ते त्या पाहण्यातूनच ठरेल.